लामूसाच्या काठ्या

वागाडुगू,
बाजरीच्या कापणीचे दिवस

प्रिय तोए,

तुला पत्र लिहायचं तर पहिल्याच ओळीत शिवी हवी. मी मोसी, तू सामो. आपल्या दोन जमातींचं थट्टेचं नातं आपल्या पणज्यांच्याही आधीपासूनचं, आणि पहिली शिवी कोण हाणतो यावरच सगळी मजा. 'कुत्र्याचं डोकं चघळणाऱ्या माझ्या गुलामा' असं लिहून मी दोन कागद फाडले. हात पुढे जाईना. म्हणून सरळ लिहितो. तुझी वहिनी लामूसा गेली. ऑगस्टमध्ये मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. पण तुझा फोन लागत नाही, आणि लागला असता तरी मला बोलता आलं नसतं. तुला माझा स्वभाव माहीत आहे. पत्र मात्र जमेल असं वाटलं. टपाल कचेरीत सारा जन्म दुसऱ्यांची पत्रं खणात लावण्यात गेला, स्वतः लिहिलेली हाताच्या बोटांवर मोजता येतील. हे पत्र टपालात टाकत नाही. तूगांला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर म्हणतो की तो तुझ्या भाच्याला ओळखतो. त्याच्याकडे देईन.

आम्ही आता राहतो ती जागा तू कधी पाहिलीच नाहीस. आपली जुनी वस्ती पाडणार म्हणून भिंतींवर लाल फुल्या मारल्या, त्या दिवशी तू तुझ्या शिलाई मशीनमागे बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होतास, "मोसींच्या राजधानीत मोसींचीच घरं पाडतायत! मला सामोला फुकट तमाशा! बसा रे, कोणी दाणे आणा!" मग दुपारी तुझ्या दुकानावरही फुली आली आणि तू मशीनवर फडकं टाकलंस. मी तुला म्हटलं, धरणापलीकडे दोन जागा शेजारी शेजारी मिळतायत, चल. तू म्हणालास, "गुलामानं मालकाला घर दाखवायचं नसतं. आणि तिथं आहे काय? नुसती माती. मातीत जायचंच आहे ना, मग इतकी घाई कशाला?" लामूसा हसली, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तू मशीन बसच्या टपावर चढवलंस आणि गावी गेलास. दुकानातल्या चिंध्यांची गोणी लामूसाच्या पायाशी टाकून म्हणालास, "वहिनी, ही माझी इस्टेट. गुलामाच्या हाती लागू देऊ नकोस."

आम्ही इथं आलो तेव्हा दारातून धरणाचं पाणी दिसायचं. मध्ये बाजरीची शेतं होती, काही कडुनिंब होते, आणि संध्याकाळी गुरं परत येताना दिसायची. आता समोर फक्त भिंती दिसतात. लोक येतच राहिले. उत्तरेकडे पाऊस झाला नाही की तिकडचे आले. सीमेपलीकडे आबिजानमध्ये आपल्या माणसांना मारझोड सुरू झाली तेव्हा तिथून आले. शहराच्या मध्यातून आमच्यासारखे हाकललेले आले. इथं अजून प्लॉट पडलेले नाहीत, नकाशात ही जागा नाही, रस्त्याला नाव नाही, वीज नाही. पण ज्या दिवशी सरकार प्लॉट पाडेल त्या दिवशी ज्याची खोली उभी असेल त्याला जागा मिळेल, असं सगळे मानतात. म्हणून जो येतो तो आधी खोली बांधतो. काही खोल्यांना छप्पर नाही, काहींत माणूस नाही, नुसत्या जागा धरून उभ्या आहेत. आणि खोलीला कच्च्या विटा लागतात, विटांना माती लागते. माती लांबून आणायला गाढवाची गाडी कोणाला परवडते? खोली बांधायची तिथंच शेजारी खणतात. खोली जेवढी, तेवढाच शेजारी खड्डा. लामूसा म्हणायची, "आपले लोक घरं बांधत नाहीत, खड्डे खणतात. निघालेली माती ठेवायची कुठं, म्हणून मग भिंती करतात."

पावसाळ्यात हे खड्डे भरतात. पाणी तांबडं, रस्त्यावरचंही तसंच, खड्ड्यातलंही तसंच. कुठं पावलाएवढं आहे आणि कुठं माणूस बुडेल एवढं, ते बघून कळत नाही. आमच्या दुसऱ्या पावसाळ्यात पलीकडच्या अंगणातलं एक मूल गेलं. त्या दिवशी लामूसानं तुझी गोणी उघडली. तुझ्या त्या लाल-पिवळ्या फुलांच्या कापडाच्या चिंध्या तिनं काठ्यांच्या टोकाला बांधल्या आणि प्रत्येक खड्ड्याच्या काठाला एक एक काठी रोवली. त्यानंतर दर वर्षी पावसाच्या आधी ती फिरायची. नवा खड्डा दिसला की काठी, जुनी चिंधी विटली की नवी. लोक आधी हसले. कोणी म्हणालं म्हातारी करणी करते. ती म्हणाली, "हो तर, करणीच आहे. मूल जगवायची." मग बायका स्वतःच सांगायला यायला लागल्या, लामूसा, आमच्या इथं नवा झालाय गं. तोए, तुझं दुकान बंद पडून इतकी वर्षं झाली, पण या वस्तीत पावसाळ्यात जिकडे बघावं तिकडे तुझंच कापड उडत असायचं. मला हे तुला कधीतरी सांगायचं होतं. निराळ्या पत्रात सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

या वर्षी मार्चमध्ये आमच्या आणि नळाच्या मधल्या रिकाम्या जागेत एक जोडपं आलं. हामादो आणि साफी. यातेंगाकडचे मोसी, अगदी तरुण, कडेवर पोरगी. हामादो बांधकामावर जातो, इमारतींचं गिलाव्याचं काम. पोरगी गुणाची आहे साफी, पण शहर तिला नवीन. नळावर रांगेत कसं उभं राहायचं तेही ठाऊक नव्हतं, सगळ्या बायकांना पुढे जाऊ द्यायची. लामूसानं तिला हाताला धरून रांगेत उभं केलं. "अगं, इथं सासरची माणसं नाहीत मान द्यायला! डबा पुढे सरकव. सरकव म्हणते ना! अशानं तुझी पोर तहानेनं मरेल आणि तू मात्र चांगल्या वळणाची म्हणून नाव काढशील." साफी तिला आई म्हणायची. तिचा घाटा पातळ व्हायचा म्हणून लामूसा रोज तिला टोचायची, "हामादो, आज जेवलास की प्यालास रे?" आणि तो बिचारा मान खाली घालून हसायचा. मी दारात बसून हे ऐकत असायचो. माझी संध्याकाळ त्यातच जायची.

मेमध्ये हामादोनं दुसरी खोली काढली. त्यासाठी नळाकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेनं खणलं. पावसाच्या आधी काम उरकायचं म्हणून तो आणि त्याचे दोन भाऊबंद पहाटेपासून माती तुडवत होते. खड्डा वाटेत शिरला. लामूसानं त्याला झापलं, "वाट खाल्लीस की रे मेल्या, उद्या आमचा उंबरा खाशील," आणि त्याच संध्याकाळी काठी रोवली. मी पाहिली आहे. बाभळीची जाड काठी होती, टोकाला लाल पट्टी.

त्या सकाळी पाऊस थांबला होता. गल्लीतून पाणी वाहत होतं. ती पिवळा डबा घेऊन लवकर निघाली, कारण पावसानंतर नळाला गढूळ येतं आणि आधी जाणाऱ्याला त्यातल्या त्यात बरं मिळतं. मी चहाचं पाणी ठेवलं. पाणी उकळून आटलं, मी परत घातलं. मला वाटलं रांगेत गप्पा मारत असेल. तिला रांगेत गप्पा मारायला आवडायचं, वेळेचं भान राहायचं नाही. मग बाहेर ओरडा झाला. डबा तरंगत होता. हामादोनं उडी मारली. त्याला पोहता येत नाही, इथं कोणालाच येत नाही. त्यानंच तिला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडातली माती बोटानं काढत राहिला. मी तिच्या पायाशी उभा होतो. तिची एक चप्पल पायात होती. काठी काठावर नव्हती, हे मी तेव्हाच पाहिलं. मला वाटलं वाहून गेली असेल.

शहराच्या जुन्या दफनभूमीत जागा नाही. आमच्या वस्तीचं स्वतःचं मैदान आहे, टोकाला, कडुनिंबांच्या पलीकडे. तिथं नेलं. मुलगी क्लेमांस कुदुगूहून पोचली होती. नळावरच्या सगळ्या बायका आल्या होत्या. आणि तोए, मेलेल्याची नक्कल करून आम्हाला हसवायला तिथं एकही सामो नव्हता. इतकी माणसं राहतात इथं, पण कोण कुठल्या जमातीचं, कोणाचं कोणाशी थट्टेचं नातं, कोणाला माहीत आहे? प्रत्येक जण आपापली खोली धरून बसलाय. सगळे गंभीर, सगळे सभ्य. फावड्यांचा तेवढा आवाज. मला माझ्या आईचं दफन आठवत होतं. तू खड्ड्यात उतरून आडवा झाला होतास. "ही जागा थंड आहे, मला आवडली. म्हातारीला दुसरीकडे न्या!" माझे मामा काठी घेऊन आले तरी तू हलेनास. लोकांनी नाणी टाकली तेव्हा तू त्यातलं एक एक उचलून दातानं चावून पाहिलंस, "मोसींचं नाणं, तपासून घेतलेलं बरं." मग बाहेर येऊन तू आईसारखी तपकीर ओढून दाखवलीस, तिच्यासारखाच तीनदा शिंकलास, आणि मी, जो सकाळपासून दगडासारखा बसलो होतो, हसलो. हसता हसता माझं काय झालं ते तू पाहिलंस. लामूसा डोळे पुसत म्हणाली होती, "शिंप्या, माझ्याही वेळी ये रे बाबा. कुत्र्याचं डोकं राखून ठेवायला सांगते." आणि तू म्हणालास, "वहिनी, काळजी नको. तुझी चाल मी तुझ्या लग्नापासून शिकतोय."

या वेळी कोणीतरी कुठूनतरी एक पोरगा आणला. म्हणाला मी सामो. असेलही. खड्ड्याच्या काठावर बसला, पैसे मागितले, दिले. मग त्यानं डोक्यावर फडकं घेतलं आणि कमरेत वाकून, काठी टेकत, खोकत खोकत चालून दाखवलं. लोक हसले. हसायचं असतं म्हणून हसले. क्लेमांस माझ्या कानात म्हणाली, "बाबा, ही कोण? आपली आई कधी वाकली होती?" खरंच. ती शेवटच्या दिवसापर्यंत डोक्यावर भरला डबा घेऊन ताठ चालत होती. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली होता, आणि म्हणून ती चालताना डावा हात जरा लांब फेकायची, जशी काही वाटेतली कोंबडी हाकलतेय. तुला वेगळं सांगायला नको. तिचा प्रत्येक झंपर तू त्या खांद्याला धरून बेतलास. त्या पोरानं कुठलीतरी म्हातारी करून दाखवली आणि त्या म्हातारीला आम्ही निरोप दिला. लामूसाला नाही.

क्लेमांस परत गेली. जाताना म्हणाली, "तोएकाकांना बोलवा." मी म्हटलं बघू. तेव्हा मला वाटलं होतं की नुसत्या नकलेसाठी म्हाताऱ्या माणसाला इतक्या लांब कशाला आणायचं.

त्यानंतरचं तुला सांगायचं आहे. हे मी क्लेमांसला सांगितलेलं नाही, कोणालाच नाही. हामादो रोज संध्याकाळी येतो. माझ्याजवळ बसतो. त्यानं तो खड्डा दगड आणि कचरा टाकून बुजवला, त्यासाठी कामावरचे कितीतरी दिवस बुडवले. साफी रोज घाटा आणि भेंडीचं कालवण आणून ठेवते. आता तिचा घाटा घट्ट होतो. दफनानंतर काही दिवसांनी ती वाडगं ठेवायला वाकली, तेव्हा तिची पोरगी माझ्या समोर आली. नुकती उभी राहायला शिकली आहे. अंगावर काही नव्हतं, कमरेला नुसती एक पट्टी बांधलेली, शोभेसाठी बांधतात तशी. लाल, पिवळ्या फुलांची. मी ती लगेच ओळखली. काठीवर ज्या गाठीनं बांधली होती तिचा चुरगळा अजून तसाच होता. सगळं मला त्या वेळी कळलं. पावसात जळण मिळत नाही, बाभळीची जाड, वाळलेली काठी दारासमोर उभी. नव्या माणसाला ती कशासाठी आहे हे कोण सांगणार? त्या पहिल्या मुलाच्या वेळी साफी इथं नव्हती. काठ्यांचं सगळ्यांना माहीत आहे असं आम्ही धरून चाललो होतो, आणि वस्तीतली अर्धी माणसं तर मागच्या दोन वर्षांत आलेली. तिनं काठी चुलीत घातली आणि चिंधी चांगली म्हणून पोरीला बांधली. तिला अजूनही ठाऊक नाही. ठाऊक असतं तर ती पट्टी तिनं माझ्यासमोर आणली नसती.

मी बोललो नाही. मी बोललो तर ती तक्रार होते. वस्तीतली जाणती माणसं जमतील, हामादोला कोंबडा घेऊन माझ्या दारात गुडघे टेकावे लागतील, मी माफ केलं म्हणेन, आणि त्यानंतर ते दोघं इथं राहू शकणार नाहीत. नळावर बायका तिच्याकडे बोट दाखवतील. खोली सोडून ते आणखी बाहेर जातील, तिथं नवी खोली, तिथं नवा खड्डा, आणि तिथं काठी रोवणारं कोणी नसेल. आणि न बोलावं तर मला तिचा घाटा गिळवत नाही. ती समोर बसून विचारते, "बाबा, मीठ कमी आहे का?" मी म्हणतो, नाही, बरोबर आहे. ती गेली की मी वाडगं कोंबड्यांपुढे ठेवतो. गेल्या आठवड्यात मी मैदानाकडे गेलो होतो. लामूसाच्या ढिगाऱ्यापासून हात-दीड हातावर कोणीतरी विटांसाठी खणायला सुरुवात केली आहे. तिथं काठी नाही. या वर्षी कोणीच काठ्या रोवल्या नाहीत. गोणीतल्या चिंध्याही संपल्या आहेत.

कापणी झाली की तिच्या निरोपाचा मोठा विधी करायचा आहे. तू ये, तोए. तिचं निळं नेसूचं कापड मी धुतलेलं नाही, तसंच ठेवलंय. ते नेस. तिचा पिवळा डबा डोक्यावर घे आणि नळापासून निघ, डावा खांदा खाली घेऊन. हामादो यातेंगाचा मोसी आहे, तेव्हा तो तुझाही थट्टेचा माणूस, आणि त्याची बायकोही. तू काहीही बोललास तरी त्यांना रागवायचा हक्क नाही आणि कोणाला त्यांना वाळीत टाकायचाही नाही. जे मी बोललो तर खटला होईल, ते तू बोललास तर थट्टाच राहील. त्यांच्या दारात थांब. साफी बाहेर येईल. लामूसाच्या आवाजात तिला विचार, "सूनबाई, माझी काठी जाळून काय रांधलंस गं? त्यात तरी मीठ बरोबर पडलं होतं का?" आधी लोक हसतील. मग हसणं थांबेल. त्यानंतरचं मी बघून घेईन, मी तिच्याजवळच उभा असेन. ते झालं की साफीच्याच हातून पहिली काठी रोवून घे. येताना तुझ्याकडच्या चिंध्या आण, मिळतील तेवढ्या. आपण तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. मला हिवतापानं घेरलं होतं तेव्हासुद्धा तू औषधाची बाटली हातात धरून बसला होतास, "आधी कबूल कर की तू माझा गुलाम, मग चमचा," आणि मी औषधावाचून पडून राहिलो पण कबूल केलं नाही. या वेळी तू आलास की दारात उभा राहून मोठ्यानं विचार, माझा गुलाम कुठं आहे. मी बाहेर येईन.

तुझाच गुलाम,
बार्नाबे इल्बुदो